आखातापलीकडचा ठिपका

शरयूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण लागलेला, आणि फोन ईशाचा, माझ्या मुलीचा. ती दवाखान्यात आत्याजवळ होती. "बाबा, आजी गेली," एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी उरलेली दाढी पूर्ण केली, तोंड धुतलं, टॉवेल दांडीवर नीट पसरला. कुणी विचारलं तर मी सुन्न झालो होतो असं सांगतो. खरं म्हणजे मला हलकं वाटलं. आता रविवारी चार वाजता मला द्वारकेबद्दल विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

त्याच्या तीनच दिवस आधी रविवार होता आणि मी तिला भेटून आलो होतो. नाकाला नळी, हाताला सुई, ब्याऐंशी वर्षांचं अंग चादरीखाली इतकं सपाट की पलंगावर कुणी आहे की नाही असं वाटावं. मी स्टुलावर बसलो. ईशा खिडकीशी उभी होती. आत्या डोळे न उघडता म्हणाली, "द्वारकेचं सांग." मी सांगायला लागलो, नेहमीसारखा. पहाटेची ओहोटी, गार वारा, पायाखाली घसरणारं शेवाळ, खडक उलटा केला की सैरावैरा पळणारे ते चपटे खेकडे... आणि त्या दिवशी मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी त्यात एक नवीच भर घातली. म्हटलं, एकाची नांगी माझ्या चिमटीत तुटून आली होती. आत्यानं डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं.

"नांगी कुठे ठेवलीस?"

"टाकली. समुद्रात."

"बरं," ती म्हणाली आणि परत डोळे मिटले. मी आणखी दहा मिनिटं बसलो आणि गाडी काढून घरी आलो.

मी द्वारकेच्या समुद्रात कधी पाय घातलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आत्यासारखे वाट पाहत बसाल.

शरयूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मुलींच्या कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि तिथल्याच गोरखी मोहल्ल्यात आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या वरच्या खोलीत एकटी राहिली. त्या खोलीला घरात सगळे खेकड्यांची खोली म्हणत. ग्वाल्हेरला समुद्र नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. पण आत्यानं आयुष्यभर अभ्यास केला तो समुद्राकाठच्या एका नखाएवढ्या खेकड्याचा. चिनीमातीचा खेकडा म्हणतात त्याला, कारण तो चिनीमातीच्या कपासारखा नाजूक असतो. धरला की पाय नाहीतर नांगी टाकून निसटतो. तसा तो खरा खेकडाही नाही. शंखात राहणारे ते मऊ पोटाचे खेकडे असतात ना, त्यांच्या गोतातला. खडकाखाली चिकटून बसतो आणि तोंडापुढचे केसाळ पंखे हलवून पाण्यातून खाणं गाळून घेतो. "कुणाच्या अध्यात ना मध्यात," आत्या म्हणायची, "तुमच्यापेक्षा शहाणा आहे." ती असंच बोलायची. तिच्या तोंडाला लागून कुणी सुखरूप परत आलेलं मी पाहिलं नाही. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना म्हणाली होती, "मुलगी हुशार दिसते, मग आमचा मुकुंद कसा काय पसंत केला?"

आता ग्वाल्हेरात बसून समुद्राचा अभ्यास कसा करायचा? तर आत्यानं त्याची एक तजवीज केली होती, आणि ती फक्त आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींतच जमण्यासारखी होती. आमची घरं इथे येऊन सात-आठ पिढ्या झाल्या, पण कुलदैवतं तिकडेच राहिली. कुणाचं रत्नागिरीच्या खाली, कुणाचं गोव्यात, कुणाचं अलिबागजवळ. मुंज झाली, लग्न झालं, बाळ झालं की कुलदैवताला जाऊन यायचंच. जो जायला निघेल त्याच्या घरी आत्या आदल्या दिवशी हजर. हातात रुंद तोंडाची बाटली, नया बाजारातल्या केमिस्टाकडून आणलेलं स्पिरिट, कागदाचे तुकडे आणि एक पेन्सिल. लग्नात आहेराच्या पाकिटाऐवजी नवराबायकोला बाटली देणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. आणि लोक आणत, बरं का. कटकट करत, नाक मुरडत, पण आणत. माझी आई म्हणायची, "लोक तीर्थ आणतात, आपल्याकडे किडे येतात." खेकड्यांना हात लावला की आत्या आंघोळ करूनच खाली जेवायला येई, तेवढं तिनं आईसाठी पाळलं.

तिचे नियम पाठ असायला लागत. ओहोटी पूर्ण उतरली की खडक उलटवायचा, काम झालं की परत होता तसा ठेवायचा. खेकड्याला धरायचं नाही. "धरलंत तर नांगी टाकून पळेल. समोर बाटली आडवी करा आणि गप्प बसून राहा. तो आपल्या पायानं आत येईल." मग आधी गोड्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे गुंगी येऊन पाय टाकत नाही, आणि नंतर स्पिरिटमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. आणि सगळ्यात मोठा नियम: चिठ्ठी तिथेच, पाय ओले असताना लिहायची. घरी येऊन लिहिलेली चिठ्ठी ती सरळ फेकून देत असे. "कोरड्या पायानं लिहिलेलं सगळं कल्पना असतं," म्हणायची.

या बाटल्यांमधून तिनं वीस-बावीस वर्षांत एक नकाशा उभा केला. तिचा खेकडा दुसऱ्या एका जातीसारखा हुबेहूब दिसायचा. फरक एवढाच की नांगीच्या मनगटावर याला बारीक दात जास्त आणि त्यांच्यामागे केसांची एक रेघ. आत्या मायक्रोस्कोपखाली एकेक मनगट धरून दात मोजायची, वहीत चित्र काढायची, आणि खात्री पटली की ट्रेसिंग पेपरवरच्या किनाऱ्याला लाल पेन्सिलीचा एक ठिपका द्यायची. गोव्यापासून मुंबईच्या वरपर्यंत ठिपके आले. पुढे खंभातचं आखात. तिथे सगळा गाळ, खडक नाहीत, म्हणजे हा प्राणी तिथे संपायला हवा. आखातापलीकडे, सौराष्ट्राच्या खडकांवर, तो आहे का नाही, हा तिच्या आयुष्याचा प्रश्न होता. असेल तर तो आखात ओलांडून कसा गेला हे शोधायला लागेल आणि तिचं काम पुस्तकांत जाईल. पण आमच्यात कुणाचं कुलदैवत सौराष्ट्रात नाही.

मग मी निघालो. ईशा चार वर्षांची होती, तिचं जावळ राहिलं होतं. आधी रत्नागिरीखाली कुलदैवताला जायचं आणि तिथून परस्पर द्वारका, कारण माझ्या वडिलांना ती एकदा बघायची होती. आत्यानं मला दोन बाटल्या दिल्या. दुसरी देताना हात धरून ठेवला. "मुकुंदा, ही द्वारकेची. एक जरी मिळाला तरी चालेल. नाही मिळाला तर रिकामी आण, तेही चालेल. पण तू स्वतः उतर." तिनं माझा हात धरलेला मला त्याआधीचा आठवत नाही.

कोकणात मी उतरलो. अर्ध्या तासात पंधरा-वीस खेकडे मिळाले. गोड्या पाण्याचा नियम मी गाळला. जिवंतच स्पिरिटमध्ये टाकले, सगळे एकाच बाटलीत. पाय तुटून तळाशी गेले, एखादी नांगीही, त्याचं मला काय. मग द्वारका. ओहोटी पहाटे साडेपाचला होती, धर्मशाळेच्या चौकीदाराला विचारून ठेवलं होतं. गजरही लावला होता. गजर वाजला, मी बंद केला. थंडी होती. रजई होती. ईशा पोटाशी झोपली होती. तुम्हाला काहीतरी मोठं कारण हवं असेल तर माफ करा, माझ्याकडे एवढंच आहे. आठ वाजता उठून चहा घेतला आणि खोलीच्या कट्ट्यावर बसून कोकणातले निम्मे खेकडे चमच्यानं दुसऱ्या बाटलीत काढले. पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली. स्थळ द्वारका, वेळ पहाटे, वारा वायव्येचा. वारा कुठला होता ते मला आजही ठाऊक नाही. माझी बायको माधुरी आत केस विंचरत होती, तिनं पाहिलंही नाही.

मला वाटलं होतं, आत्या चार शिव्या देईल, बाटली ठेवून देईल, संपलं. तिनं ती बाटली चार दिवस मायक्रोस्कोपखाली घातली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी आमच्या नया बाजारातल्या घरी आली. जिना चढून, धापा टाकत, हातात पेढ्यांचा पुडा. माधुरीला म्हणाली, "आखात ओलांडलंय त्यानं." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढेचना. रडत होती. मला आईनं, वडिलांनी, कुणी कधी असा हात ठेवला नव्हता. त्या क्षणी सांगायला हवं होतं, हे मला कळतं. तुम्ही सांगायची गरज नाही. मी पेढा खाल्ला.

लेख छापून आला. छोटंसंच नियतकालिक, पण नकाशा पान भरून. आखाताच्या पलीकडे एकटा लाल ठिपका, खाली संग्राहक म्हणून माझं नाव. आत्यानं त्या पानाची फ्रेम केली नाही, पण गाद्यांच्या कपाटात प्रती ठेवल्या आणि येईल त्याला दाखवल्या. पुढची काही वर्षं ती जवळजवळ गोड झाली होती. मला वाढदिवसाला स्वेटर विणून दिला. तो मी हजीरा भागातल्या माझ्या बँकेत, कामावर, घालून जात असे.

मग समुद्राकाठच्या एका संस्थेतली एक तरुण संशोधिका सौराष्ट्रात गेली. दोन हिवाळे प्रत्येक ओहोटीला खडक उलटवले. तिला दुसरी जात सापडली, आत्याची एकही नाही. तिनं आत्याला आदरानं पत्र लिहिलं आणि परिषदेला बोलावलं. आत्या तेव्हा सत्तरीची. एकटी कशी पाठवणार, म्हणून मी सोबत गेलो. ती मुलगी नीटच बोलली, तिचा काही दोष नाही. पण अध्यक्षस्थानी एक गृहस्थ होते, त्यांना विनोद सुचला. ग्वाल्हेरला समुद्र कधी आला म्हणे, लोणच्याच्या बरणीतून का? सभागृह हसलं. तुम्ही सत्तर वर्षांच्या बाईला भर सभेत हसणारे लोक पाहिलेत का? त्यात वाईट माणसं फारशी नसतात. सगळे शेजारच्याकडे बघून हसतात.

आत्या उभी राहिली. घाबरली नव्हती. तिला वाटत होतं तिच्याकडे साक्षीदार आहे. माझ्याकडे वळून म्हणाली, "मुकुंदा, उठ. यांना सांग. तू तिथे होतास."

मी उठलो. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर मी खोटारडा. खोटं रेटलं तर ती मुलगी चार प्रश्न विचारेल आणि मी उघडा पडेन. तिसरी वाट होती, आणि ती मला इतक्या पटकन दिसली की अजून मला माझीच भीती वाटते. मी इंग्रजीत, चांगल्या बँकेच्या इंग्रजीत, म्हणालो की मी बाटली नक्की आणली होती. पण आत्याच्या खोलीत शेकड्यांनी बाटल्या आहेत, तिचं वय झालंय, नजर कमी झालीये, तेव्हा तिच्याकडून अदलाबदल झाली असणं शक्य आहे. आम्हा घरच्यांना याचं वाईट वाटतं.

सभागृहात सहानुभूतीची कुजबुज झाली. अध्यक्ष मला म्हणाले, तुम्ही प्रामाणिक आहात. आत्या खाली बसली. परतीच्या गाडीत चोवीस तास आम्ही समोरासमोर होतो. झाशी येईतो ती एवढंच बोलली, "पोळी घे, वाळतेय."

त्यानंतर कुणी तिची बाटली नेली नाही. "आत्या, आता कशाला तुम्हाला त्रास," असं गोड बोलून लोक तिला दारातून परत पाठवत. घरातल्या मुलांनी तर शब्दच केला. कुणी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं की "शरयूआत्या झाली!" असं ओरडायचं. एकदा दिवाळीच्या फराळाला ती पंगतीत असताना कुणीतरी असं ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो, न हसतो तर दिसलं असतं.

परिषदेला महिना झाला असेल, तेव्हा आत्यानं निरोप पाठवला की रविवारी चार वाजता ये. गेलो. तिच्या टेबलावर दोन बाटल्या, कोकणची आणि द्वारकेची. रामकली, तिच्याकडे कामाला असलेली बाई, चहा ठेवून गेली. आत्या म्हणाली, "द्वारकेचं सांग मला. पहिल्यापासून." मला वाटलं, पकडला गेलो. पण तिचा आवाज शांत होता, कुतूहलाचा. मी सांगितलं. ती मध्येमध्ये विचारत होती. पाणी कुठवर होतं? घोट्यापर्यंत. बरोबर कोण होतं? कुणी नाही. किती खडक उलटवलेस? सात-आठ. "छान," म्हणाली, "पुढच्या रविवारी ये."

आणि हे दहा-अकरा वर्षं चाललं. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोन-तीनदा तरी. तेच टेबल, त्याच बाटल्या, तोच चहा. "द्वारकेचं सांग." पहिल्यांदा मी घाबरलो, मग सरावलो, मग मला, लाज वाटते लिहायला, थोडी मजा यायला लागली. कधी पाणी गुडघ्यापर्यंत, कधी एक म्हातारा कोळी मदतीला, कधी एक कुत्रं मागे लागलेलं. घरी येऊन मी माधुरीला म्हणायचो, "आत्याचं डोकं गेलं पार. लहान मुलासारखी तीच गोष्ट मागते." माधुरी म्हणायची, "मग कशाला जाता?" मी म्हणायचो, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा. मी स्वतःला बराच दयाळू माणूस समजत होतो.

एकदाच, तिच्या पंच्याहत्तरीला, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "आत्या, एक गोष्ट सांगायचीय." तिनं कप खाली ठेवला. हात मांडीवर ठेवून बसली, अगदी स्तब्ध. मी तोंड उघडलं, आणि रामकली दारातून ओरडली, "भैयाजी, सिलेंडर वाला खड़ा है नीचे!" मी उठलो, खाली गेलो, सिलेंडर घेतला, वर आलो आणि म्हटलं की पुढच्या महिन्यात मी तुझ्या खोलीला रंग लावून देतो. "लावून दे," आत्या म्हणाली. तिचा चहा तसाच गार झाला होता.

तेराव्यानंतर ईशानं मला त्या खोलीत बोलावलं. तीन वर्षं झाली, आत्याचा हात कापायला लागल्यापासून ईशाच दुपारी तिच्याकडे जाऊन लिहायचं काम करत होती. मला वाटायचं पत्रंबित्रं असतील. तिनं टेबलावर त्या दोन बाटल्या आणि एक कापडी पुठ्ठ्याची वही ठेवली. "आजीने आपके लिए रखा है," म्हणाली. रागावली की ती हिंदीतच बोलते.

वहीच्या पहिल्या पानावर आत्याचं ते सुबक अक्षर, परिषदेहून आल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख. लिहिलं होतं: कोकणच्या बाटलीतल्या सगळ्या खेकड्यांना दोन्ही नांग्या आहेत, आणि तळाशी एक नांगी जास्तीची. द्वारकेच्या बाटलीतल्या एका खेकड्याला उजवी नांगी नाही, आणि त्या बाटलीत सुटी नांगीही नाही. जखम ताजी, भरलेली नाही. कोकणातली नांगी द्वारकेच्या खेकड्याला लावून पाहिली. सांधा जुळतो. दातांची ओळ डाव्या नांगीशी जुळते. शेजारी चित्र. मग एक ओळ सोडून: म्हणजे एकच बाटली होती. मुकुंद उतरला नाही.

त्याखाली एवढंच होतं: "धरलं तर नांगी टाकून पळेल. सभेत धरलं तेव्हा मलाच टाकून पळाला. धरायचं नाही. समोर बसून राहायचं."

पुढची पानं आडव्या-उभ्या रेघांनी आखलेली. ती नमुने नोंदवायची तशीच. तारीख. पाणी. वारा. खडक. सोबत कोण. आणि शेवटचा रकाना: बोलला? पानामागून पान. घोटा, गुडघा, घोटा. वायव्य, पश्चिम, आठवत नाही म्हणतो. कोळी आला. कुत्रं आलं. कोळ्याला दाढी आली. प्रत्येक ओळीच्या शेवटी: नाही. नाही. नाही. पंच्याहत्तरीच्या दिवशी "नाही"च्या आधी दोन शब्द लिहून खोडलेले आहेत. मी पान उजेडाकडे धरून पाहिलं, वाचता येत नाहीत. तिनं आयुष्यभर एका प्राण्याचा पसारा नकाशावर मांडला आणि शेवटची अकरा वर्षं माझ्या खोटेपणाचा. माझ्या खोट्याला आखात लागलं नाही.

अलीकडच्या तीन वर्षांच्या नोंदींसारखी शेवटचीही ईशाच्या अक्षरात होती. दवाखान्यातली, त्या रविवारची. मी गाडी काढून घरी गेलो तेव्हा आत्यानं ती सांगितली असणार. "नांगी तुटली म्हणतो. समुद्रात टाकली म्हणतो. बोलला? नाही."

"तुला केव्हापासून माहिती आहे?" मी विचारलं.

"तीन साल से."

"मग तू तरी मला सांगायचंस."

"आजीनं मना केलं होतं," ईशा म्हणाली. "म्हणाली, त्याला त्याच्या पायानं येऊ दे."

मी दुसऱ्या दिवशी त्या संशोधिकेचा नंबर शोधून काढला. आता ती मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला सगळं सांगितलं, म्हटलं, आत्यानं अदलाबदल केली नव्हती, बाटली माझी खोटी होती, तिचं नाव स्वच्छ करायचंय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडमचं पत्र तेव्हाच आलं होतं हो. परिषदेनंतर महिन्याभरात. पलीकडचा ठिपका काढून टाका, चूक माझी आहे, संग्राहकाला काही विचारू नये, असं. आम्ही ते छापलंसुद्धा." आणि जरा अवघडून पुढे म्हणाली की बाटल्यांची अदलाबदल कशी होते हे मुलांना शिकवताना ते सगळे अजून ग्वाल्हेरच्या मॅडमचं उदाहरण देतात. आता देणार नाही म्हणाली. पण जी मुलं शिकून बाहेर पडली, त्यांना कोण सांगणार?

आत्याचा नकाशा अजून त्या खोलीत भिंतीवर आहे. तिच्याकडच्या प्रतीवर तिनं पलीकडचा ठिपका रबरानं खोडलाय, कागद तिथे पातळ झालाय. अलीकडचे सगळे ठिपके खरे आहेत. ते त्या संशोधिकेनंही तपासून कबूल केलेत. कुणाच्या मुंजीचे, कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या बारशाचे ठिपके. ओल्या पायानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. आमच्या अर्ध्या लश्करनं मिळून केलेलं ते काम आहे, आणि मी ते हास्यास्पद करून टाकलं. मला आत्याचा रागही येतो, हेही लिहून ठेवतो. एकदा थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो. तिला मला सुटू द्यायचं नव्हतं. अकरा वर्षं समोर चहा ठेवून तिनं मला जे केलं, ते मी तिला एका वाक्यात केलं होतं. कोण जास्त निष्ठुर, याचा हिशोब मला लागत नाही.

स्पिरिट उडतं, म्हणून आत्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाटल्यांमध्ये भर घालायची. परवा तो रविवार होता. मी केमिस्टाकडून स्पिरिट घेऊन गेलो, दोन्ही बाटल्या पुसल्या, भरल्या. चार वाजले होते. ईशा टेबलाच्या पलीकडे, आत्याच्या खुर्चीवर बसली होती. रामकलीनं सवयीनं दोन कप चहा आणला. मी खिशातून हा लेख काढला, तोवर लिहून झाला होता तेवढा, आणि पहिल्यापासून ईशाला वाचून दाखवला. रजईपर्यंत आलो तेव्हा थांबून पाणी प्यायलो आणि पुन्हा सुरू केलं. ती हात मांडीवर ठेवून, अगदी स्तब्ध बसून ऐकत होती.

वाचून झालं. ईशानं वही ओढून घेतली, पेन्सिल उचलली, त्या दिवसाची तारीख घातली. पाणी, वारा, खडक, सगळीकडे आडवी रेघ मारली. शेवटच्या रकान्याशी थांबली.

"आता तरी लिही," मी म्हणालो.

"किसको बताया, बाबा?" ती म्हणाली. "आजीला तर नाही ना सांगितलं."

आणि तिनं "नाही" लिहिलं, वही मिटली आणि दोन्ही बाटल्या उचलून फळीवर जागच्या जागी ठेवल्या.